इंजिनिअरिंग कॉलेजच्या लायब्ररीनं तुम्हाला नेमकं काय दिलं?

रंकाळाकाठ
नमस्कार मंडळी. मी कोल्हापूरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला शिकवतो. यंदा मला ग्रंथालय समितीवर घेतलंय. पहिल्याच बैठकीत प्रस्ताव आला की पुस्तकांची देवघेव घटलीय, तेव्हा वरच्या मजल्यावरचे रॅक काढायचे, जुनी पुस्तकं आणि जर्नलचे बाइंड केलेले खंड निर्लेखित करायचे, म्हणजे नोंदीतून कायमचे काढून टाकायचे, आणि तिथं संगणकांची नवी लॅब करायची.

लॅब मुलांना लागते, त्याबद्दल माझं भांडण नाही. पण समितीपुढं आकडे दोनच होते, गेटवरच्या रजिस्टरातल्या सह्या आणि इश्यू झालेली पुस्तकं. कुणी रेफरन्स विभागात उभ्या उभ्या एखादा कोड, म्हणजे मानक नियमांची पुस्तिका, बघून गेला, कुणाला ग्रंथपालांनी पेपर शोधून दिला, हे कुठल्याच रजिस्टरात येत नाही. पुढच्या महिन्यात परत बैठक आहे.

म्हणून विचारतोय. विद्यार्थी, शिक्षक, नोकरीतले, उद्योगातले, कुणीही सांगा. लायब्ररीमुळं तुमचं कुठलं काम झालं? किंवा कुठं अडलं? 'वाचाल तर वाचाल' छापाची वाक्यं नकोत, घडलेला प्रसंग सांगा.

पांढरा रस्सा
पहिला नंबर माझा. आमच्या लायब्ररीतल्या काकांना अख्ख्या बॅचची नावं पाठ होती. शेवटच्या वर्षी नो ड्यूजला गेलो तर म्हणाले, "ये रे, फर्स्ट इयरचं ड्रॉइंगचं पुस्तक घेऊन आलास का?" आईनंसुद्धा इतकी वाट बघितली नसेल.

जुना ओव्हरसियर
मास्तर, माझा प्रसंग सिव्हिलचा आहे. जरा लांबण लागेल.

२०१९ च्या पुरात पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं तेव्हा नदीकडच्या भागातल्या एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यात ते बरेच दिवस साचून राहिलं. पाणी ओसरल्यावर मालकानं स्ट्रक्चरल ऑडिट करायला सांगितलं. काम माझ्या पुतण्याकडं आलं. इमारत सत्तरच्या दशकातली. नशिबानं मालकाकडं जुनं ड्रॉइंग सापडलं, त्यावर काँक्रीट 'एम १५०' लिहिलेलं. पोरगं चक्रावलं. आत्ताच्या हिशेबानं एम १५० म्हणजे १५० न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर! दोन मजली घराला असलं काँक्रीट कोण घालतो?

मी त्याला सांगितलं, बाबा, तेव्हाचे आकडे किलो प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये असत. एम १५० म्हणजे तुझं आजचं एम १५. पण नुसतं माझ्या तोंडी सांगण्यावर अहवाल लिहिता येत नाही. त्या इमारतीचं डिझाइन आयएस ४५६, म्हणजे काँक्रीटच्या भारतीय कोडाच्या, १९६४ च्या आवृत्तीप्रमाणं झालेलं. डिझाइनची नवी, लिमिट स्टेट नावाची पद्धत त्या कोडात आली १९७८ ला. पुढची आवृत्ती २००० ची. जुन्या इमारतीची ताकद समजून घ्यायची तर ती कुठल्या नियमांनी बांधली ते आधी बघावं लागतं, आणि जुनी आवृत्ती मिळेना. शेवटी एका कॉलेजच्या लायब्ररीत मिळाली. पिवळी पडलेली, कडा कुरतडलेल्या, आत कुणीतरी पेन्सिलीनं गणितं केलेली. ग्रंथपालांनी बसून टिपणं काढू दिली. अहवाल त्याच्या आधारावर पुरा झाला.

समितीला माझा निरोप द्या. 'रद्द झालेली आवृत्ती' असा शिक्का असलेला कोड रद्दीत घालू नका. इमारती अजून उभ्या आहेत.

फायनल इयर मेक
सगळ्यांचा मान राखून बोलतो. काका, तुमचा प्रसंग भारीच आहे, पण आमचं रोजचं वेगळं आहे. आता भारतीय मानकं, म्हणजे हे कोड, ती ठरवणाऱ्या बीआयएस या सरकारी संस्थेच्या साइटवर फुकट डाउनलोड होतात. लेक्चर एनपीटीईएलवर आहेत, आयआयटीच्या सरांची, पाहिजे तेव्हा थांबवून परत बघता येतात. मग लायब्ररीत जायचं कशाला?

आणि गेलो तरी काय होतं ते सांगतो. आमचं प्रॅक्टिकल सुटतं पाच वाजता. लायब्ररी बंद साडेपाचला. देवघेव पाचलाच बंद. मी राहतो कागलला, बस चुकली की तासभर स्टँडवर. पाहिजे ते पुस्तक मागितलं की एकच उत्तर, "इश्यू आहे." कुणाकडं आहे, कधी येणार, काही कळत नाही. परीक्षेच्या आधी चार दिवस मिळालेल्या पुस्तकाचं काय करायचं? अडलं कुठं असं सरांनी विचारलं होतं, म्हणून लिहिलं.

पांढरा रस्सा
भावा, एकच नंबर बोललास. साडेपाचला बंद होणारी लायब्ररी आणि दुपारी एकला संपणारी मिसळ, दोन्हीकडं उशिरा पोचणाऱ्याच्या हाती फक्त वास.

डेटस्लिप
मी ग्रंथपाल आहे, एका इंजिनिअरिंग कॉलेजातच. नाव-गाव नको, पण बोलल्याशिवाय राहवत नाही.

फायनल इयर, वेळेबद्दल तुझं शंभर टक्के खरं आहे. पाचला काउंटर बंद करणं म्हणजे मुलं मोकळी होताना दार लावणं. आमच्याकडं दोन पाळ्या सुरू करायला मला माणूस मिळवावा लागला, त्यासाठी तीन वर्षं अर्ज केले. आता रात्री नऊपर्यंत उघडं असतं आणि सात ते नऊ सगळ्यात जास्त गर्दी असते.

"इश्यू आहे" याबद्दल मात्र तुम्हा मुलांना कुणी सांगितलेलंच नसतं, ते सांगते. ओपॅकवर, म्हणजे आमच्या संगणकातल्या यादीवर, पुस्तक कधी परत येणार ती तारीख दिसते आणि तिथंच ते आपल्यासाठी राखून ठेवता येतं. आमच्याकडं कोहा चालतं. न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक लायब्ररीसाठी बनलेलं, सगळ्यांना फुकट खुलं असलेलं सॉफ्टवेअर आहे. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. एका पुस्तकावर सात जणांनी राखीव म्हणून नाव लावलं की मी ते कागदावर काढून खरेदीच्या बैठकीत ठेवते आणि चार प्रती वाढवून घेते. कुणीच नाव लावलं नाही, नुसतं तोंडानं "नाहीये" म्हणून निघून गेलं, की माझ्या हातात काही उरत नाही. नोंदवलेली मागणी हेच माझं हत्यार.

आणखी एक. मेकॅनिकलची मुलं ६२१ च्या रॅकपाशी जातात आणि तिथूनच परततात. ड्यूई वर्गीकरणात, म्हणजे विषयाला आकडा देऊन पुस्तकं लावायच्या पद्धतीत, यंत्रं ६२१ ला, मशीन टूल्स ६२१.९ ला, पण फौंड्रीची, म्हणजे धातूच्या ओतकामाची, पुस्तकं ६७१.२ ला आणि धातुशास्त्र ६६९ ला. म्हणजे एकाच कास्टिंगच्या (ओतीव भागाच्या) प्रोजेक्टची पुस्तकं तीन ठिकाणी, कधी कधी दोन मजल्यांवर. मुलगा अर्ध्या वाटेवरून परत येतो आणि "लायब्ररीत काही नाही" म्हणतो. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची पाच सूत्रं सांगितली, त्यातलं चौथं आहे वाचकाचा वेळ वाचवा. त्या मुलाला ६७१.२ पर्यंत नेऊन पोचवणं हे माझं काम आहे. पण त्यासाठी त्यानं मला विचारलं तर पाहिजे ना!

सँडकास्टिंग
६७१.२! मॅडम, हा आकडा मी कधी विसरणार न्हाई.

शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री हाय. ग्रे आयर्नचं, म्हणजे बिडाचं, कास्टिंग, ग्रीन सँड, म्हणजे ओलसर वाळूचे साचे. काही वर्षांमागं पावसाळ्यात रिजेक्शन अचानक वाढलं. वरनं कास्टिंग गुळगुळीत, चकाचक. गिऱ्हाइकाकडं जाऊन मशीनवर दोन मिलिमीटर कट मारला की खाली बारीक बारीक भोकं. पिनहोल. माल परत, भाडं आपल्या अंगावर, वर बोलणी. वाळूत ओल जास्त झाली असणार म्हणून आम्ही ओल कमी केली, तर साचेच ढासळाय लागले. वाळू धरून ठेवणारी बेंटोनाइट माती बदलली, कोळशाची पूड बदलली. फरक न्हाई.

माझं शिक्षण इथल्याच कॉलेजातलं. माजी विद्यार्थी म्हणून लायब्ररीत गेलो, ग्रंथपाल सरांना सगळं सांगितलं. त्यांनी आधी मलाच प्रश्न केले. भोकं आतनं चमकतात का काळी दिसतात? गोल हाईत का चिरेसारखी? म्हटलं, तुम्ही फौंड्रीतलं कधी शिकलासा? तर म्हणाले, मी शिकलो नाही, पण हा प्रश्न घेऊन येणारा तू पहिला नव्हेस. कास्टिंगच्या दोषांवरचे दोन ग्रंथ काढून दिले आणि जुन्या जर्नलचे चार बाइंड खंड टेबलावर ठेवले.

दोन दिवस बसलो. त्यात उत्तर होतं. लोखंडात अगदी चिमूटभर अ‍ॅल्युमिनियम आलं तरी ते साच्यातल्या ओलीशी लढतं, पाण्याची वाफ फोडतं आणि सुटलेला हायड्रोजन धातूत शिरतो. थंड होताना तोच पृष्ठभागाच्या खाली अडकून पिनहोल होतो. मग डोक्यात ट्यूब पेटली. त्याच महिन्यापासनं आम्ही स्वस्त स्क्रॅप घ्यायला लागलो होतो, त्यात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे मिसळून येत होते. पावसाळा आणि स्क्रॅप दोन्ही एकदम आलं, आणि आम्ही नुसत्या वाळूला धरून बसलो होतो. स्क्रॅप निवडून घ्यायला सुरुवात केली, लाडल, म्हणजे लोखंड ओतायचं भांडं, नीट तापवून वाळवायला लागलो, आणि रिजेक्शन जाग्यावर आलं.

मास्तर, हे सगळं १९७० ते ८० च्या दशकातल्या खंडांत होतं. तुमची समिती जे काढून टाकणार हाय तेच.

फायनल इयर मेक
दादा, हे वाचून अंगावर काटा आला. आमचा प्रोजेक्टच कास्टिंग डिफेक्टवर आहे. आणि मी अजून ६२१ च्याच रॅकवर आहे.

पुण्यातला कोल्हापूरकर
मी कॉम्प्युटरचा, आता पुण्यात नोकरी. आमच्या शाखेपुरतं सांगतो. प्रोग्रॅमिंगच्या भाषांची पुस्तकं चार वर्षांत शिळी होतात. आमच्या लायब्ररीत एका सॉफ्टवेअरच्या दहा वर्षं जुन्या आवृत्तीच्या पंचवीस प्रती होत्या. त्यांनी अडवलेली जागा बघून जीव तुटायचा. असली पुस्तकं काढायलाच पाहिजेत. सगळंच जपून ठेवा म्हणणंही बरोबर नाही. रंकाळाकाठ सर, लॅब म्हणणाऱ्यांचंही थोडं ऐका.

माझा उपयोग झाला तो वाचनकक्षाचा. आम्ही चौघं गेटची, म्हणजे एमटेकच्या प्रवेश परीक्षेची, तयारी करत होतो. होस्टेलवर अभ्यास अशक्य, घरी टीव्ही. लायब्ररीतल्या कोपऱ्यातलं एक टेबल आमचं ठरलेलं. काउंटरवरच्या मावशींनी ते वर्षभर धरून ठेवलं. मला एक उदाहरण अडलं की समोरचा सोडवायचा, त्याचं अडलं की मी. अल्गोरिदम आणि ऑपरेटिंग सिस्टिमचे जाडजूड ग्रंथ आम्ही तिथंच फाडून खाल्ले (पानं नव्हे!). ती पुस्तकं अजून शिळी झालेली नाहीत, तीही त्याच रॅकवर होती.

डेटस्लिप
पुण्यातले दादा, तुमच्याशी मी सहमत आहे. ००५ चा रॅक, म्हणजे प्रोग्रॅमिंगचा, दर वर्षी चाळलाच पाहिजे. ६२४ चा रॅक, म्हणजे सिव्हिलचा, तसा चाळायचा नसतो. प्रत्येक विषयाचं वय वेगळं. पण निर्लेखनाची यादी बनते तेव्हा बहुतेक ठिकाणी एकच चाळणी लावतात, 'पाच वर्षांत इश्यू नाही'. रेफरन्सची पुस्तकं आणि बाइंड खंड तर इश्यू होतच नाहीत, ती तिथंच बसून वाचायची असतात. त्या चाळणीतून ती सगळी खाली पडणारच. सँडकास्टिंग दादांचे चार खंड कुठल्याच आकड्यात नसणार. रंकाळाकाठ सर, बैठकीत हा मुद्दा मांडाच. टेबलावर सोडलेली पुस्तकं संध्याकाळी रॅकवर लावताना आम्ही त्यांची नोंद घेतो, त्याला वेळ लागतो पण खरं चित्र दिसतं.

शोधयात्री
माझी पीएचडी शिवाजी विद्यापीठातून झाली, इलेक्ट्रॉनिक्समध्ये. शिक्षकांच्या बाजूनं थोडं लिहिते.

शिकवत शिकवत संशोधन करणाऱ्याला लायब्ररी तीन ठिकाणी हाताला धरते. पहिलं, आपल्या विषयावर आधी कुणी काय केलंय ते बघणं. शोधगंगा सगळ्यांसाठी खुली आहे, देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथं पूर्ण वाचता येतात. माझा विषय ठरण्याआधी ग्रंथपाल मॅडमनी मला तिथं दोन दिवस बसवलं. मी जे करायचं म्हणत होते ते दक्षिणेतल्या एका विद्यापीठात आधीच झालेलं निघालं. रडूच आलं मला, पण ते पहिल्या वर्षी कळलं म्हणून निभावलं.

दुसरं, साम्य तपासणी. यूजीसीचे २०१८ चे नियम आहेत, दहा टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, त्यापुढं पायऱ्या आहेत आणि साठ टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होऊ शकते. सॉफ्टवेअर नुसता आकडा देतं. कुठलं साम्य खरोखर चोरी आणि कुठलं सूत्रं, संज्ञा, उपकरणांची नावं यांमुळं आलेलं, हे माणसानंच बघावं लागतं. आमच्या मॅडम शेजारी बसून एकेक रंगीत ओळ दाखवायच्या.

तिसरं मात्र मला वाचवणारं ठरलं. एका जर्नलकडून मला मेल आला, आठ दिवसांत पेपर छापू, इतके पैसे भरा. साइट हुबेहूब एका नावाजलेल्या जर्नलसारखी. मी पैसे भरणारच होते. मॅडमनी आयएसएसएन, म्हणजे जर्नलचा ओळख क्रमांक, तपासला, संपादक मंडळातल्या एका प्राध्यापकांच्या विद्यापीठाच्या पानावर जाऊन त्यांना मेल केला. उत्तर आलं की माझा या साइटशी संबंध नाही. क्लोन जर्नल होतं ते, म्हणजे खऱ्याचं नाव लावलेली नकली साइट. प्रमोशनच्या घाईत कितीतरी शिक्षक यात अडकलेत.

रंकाळाकाठ
शोधयात्री मॅडम, धन्यवाद. मोठ्या जर्नल्सचं काय? सरकारची ती 'एक देश, एक वर्गणी' योजना आली म्हणतात, मग आम्हाला का दिसत नाही?

शोधयात्री
सर, केंद्रानं नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, २०२५ ते २०२७ साठी ६००० कोटी रुपये, ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० जर्नल्स. पण ती केंद्र आणि राज्य सरकारांच्या संस्थांसाठी आहे, ६३०० च्या आसपास. विद्यापीठात बसलेल्याला दिसतात. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य इंजिनिअरिंग कॉलेजं खासगी, त्यामुळं त्यांचे शिक्षक आणि मुलं सध्या बाहेर. मला हे मनापासून खटकतं. संशोधनाची अपेक्षा दोघांकडून सारखीच.

डेटस्लिप
तोवर काय करायचं ते सांगते. पेपर पाहिजे असेल तर आधी लेखकाच्या विद्यापीठाच्या ऑनलाइन भांडारात बघा, पुष्कळदा स्वीकृत प्रत, म्हणजे छापण्याआधीची पक्की प्रत, ठेवलेली असते. नाही मिळाली तर लेखकाला सरळ मेल करा. नम्रपणे दोन ओळी, कोण आहात, कशासाठी पाहिजे. मुलांना वाटतं एवढा मोठा माणूस आपल्याला कशाला उत्तर देईल? देतात. आमच्या एका तिसऱ्या वर्षाच्या मुलीला जपानमधून पेपर आला, वर शुभेच्छा. आम्ही डेलनेट या ग्रंथालयांच्या जाळ्याचे सभासद आहोत, तिथून दुसऱ्या लायब्ररीतलं साहित्यही मागवता येतं. याला चार-आठ दिवस लागतात, म्हणून सबमिशनच्या आदल्या दिवशी येऊ नका, एवढीच विनंती.

आणि एक नवीन प्रकार. यंदा मुलं चॅटबॉटकडून संदर्भांची यादी घेऊन येतात. "मॅडम, हे पेपर काढून द्या." लेखक खरा, जर्नल खरं, वर्ष, खंड, पानं सगळं ऐटीत, आणि पेपर जगात अस्तित्वातच नाही. एका यादीतले नऊपैकी सहा असे निघाले. आता मी पहिल्या वर्षालाच तासभर घेते. डीओआय, म्हणजे पेपरचा इंटरनेटवरचा कायमचा क्रमांक, टाकून बघा, उघडला तरच संदर्भ. त्या तासाला शिक्षकही येऊन बसतात, मला फार बरं वाटतं.

पांढरा रस्सा
म्हणजे लग्नपत्रिकेत सगळ्या पाहुण्यांची नावं छापलेली आणि मांडवात कुणीच नाही.

आजरेकरीण
मी तुमच्यासारखी शिकलेली नाही, पण लिहिते. माझी मुलगी आजऱ्याहून कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आली. दहावीपर्यंत मराठी माध्यम. पहिले दोन महिने रोज रात्री फोन करून रडायची. वर्गात सर बोलतात ते कळतं, पण पुस्तक उघडलं की सगळं अंगावर येतं म्हणायची. पुस्तकांचा खर्च ऐकून तिचे वडील गप्प बसले होते.

कॉलेजच्या लायब्ररीत बुक बँक आहे. थोडी अनामत ठेवून अख्ख्या सेमिस्टरचा संच दिला, परीक्षा झाल्यावर परत करायचा. तिथल्या मॅडमनी तिला एआयसीटीईच्या, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या, ई-कुंभ पोर्टलवरची मराठी पुस्तकं काढून दाखवली. म्हणाल्या, धडा आधी मराठीत वाच, मग तोच इंग्रजीत वाच, परीक्षा इंग्रजीतच दे. तिनं वहीत दोन रकाने केले, एकीकडं मराठी शब्द, एकीकडं इंग्रजी. आता दुसऱ्या वर्षाला आहे. आता फोनवर रडत नाही, भांडते.

जागा कमी करा, लॅब करा, तुमचं तुम्हाला कळतं. त्या मॅडमना मात्र तिथंच राहू द्या.

जुना ओव्हरसियर
ताई, तुमच्या लेकीच्या त्या वहीचं मोल फार आहे. आमच्या वेळी साइटवर मुकादम मराठीत बोलायचा, ड्रॉइंग इंग्रजीत. दोन्ही ज्याला यायचं त्याच्याच हातून काम नीट व्हायचं. ती वही जपून ठेवायला सांगा, पुढच्या मुलांना लागेल.

जरा विषयांतर. कोल्हापूरला वाचनालय नवं नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. शाळेत असताना तिथं वडिलांबरोबर जायचो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे, पाणी ठराविक पातळीला आलं की आपोआप उघडणारे, मला पहिल्यांदा वडिलांनी दाखवले आणि "हे कसं चालत असेल?" एवढंच विचारलं. उत्तर त्यांनाही माहीत नव्हतं. ते शोधत शोधत मी सिव्हिलला गेलो. अजूनही पावसाळ्यात दरवाजे उघडल्याची बातमी आली की पहिला विचार वजन, तरंगणं आणि बिजागरीचाच येतो.

पुण्यातला कोल्हापूरकर
काका, आमच्याकडं बातमी आली की पहिला फोन घरी, पाणी कुठवर आलंय म्हणून.

सँडकास्टिंग
२०२१ ला आमच्याकडं हायवे बंद होता, चार दिवस माल हलला न्हाई. असो, मूळ विषयावर या. मास्तर, आम्हा उद्योगवाल्यांसाठी एक मागणं लिहून घ्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावला शेकड्यानं कारखाने हाईत. आमच्याकडं लायब्ररी न्हाई, हँडबुक घ्यायची तर एकेकाची किंमत परवडत न्हाई. कॉलेजनं वर्षाची फी घ्यावी आणि आठवड्यातनं एक दिवस आम्हाला बसू द्यावं. त्या बदल्यात आमच्याकडचे रिजेक्शनचे नमुने, कापून बघायला, मुलांना देतो. प्रोजेक्टला खरा विषय मिळंल.

फायनल इयर मेक
चार दिवसांनी परत आलोय. आमच्या लायब्ररीत ६७१.२ खरंच वरच्या मजल्यावर कोपऱ्यात आहे. धूळ होती. दोन पुस्तकं मिळाली, एकात पिनहोलचे कापलेले फोटो आहेत, दादांनी सांगितलं तसेच. ग्रंथपाल सरांना पहिल्यांदाच नावानं हाक मारून विचारलं, त्यांनी जुने प्रोजेक्ट रिपोर्टही काढून दिले. २०१६ चा एक रिपोर्ट आमच्याच विषयावर आहे. त्या मुलांचं कुठं अडलं ते त्यांनी शेवटच्या प्रकरणात प्रामाणिकपणं लिहिलंय, त्यामुळं आमचा महिना वाचला.

ओपॅकवर पुस्तक राखूनही ठेवलं. वेळेची तक्रार मात्र मी मागं घेत नाही. आमच्या वर्गातून सत्तेचाळीस सह्यांचा अर्ज दिलाय, आठपर्यंत उघडं ठेवा म्हणून.

सँडकास्टिंग दादा, फौंड्री बघायला येऊ का? आम्ही चौघं आहोत.

रंकाळाकाठ
सगळ्यांचे मनापासून आभार. आज बैठक झाली, म्हणून सविस्तर लिहितो.

या धाग्यावरचे तीन प्रसंग छापून नेले होते, तुमची टोपणनावं तशीच ठेवून. ओव्हरसियर काकांचा एम १५० वाचून सिव्हिलचे विभागप्रमुख म्हणाले, आमच्याकडचे जुने कोड मी स्वतः तपासतो, त्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही. पिनहोलचं वाचून एक विश्वस्त बराच वेळ गप्प होते, त्यांची स्वतःची फौंड्री आहे. बाइंड खंडांचं निर्लेखन थांबलं. ००५ च्या रॅकवरच्या जुन्या प्रती निघणार, पुण्यातल्या दादांचं म्हणणं मला पटलं होतं आणि तेच मी मांडलं. त्या जागेत लॅब होईल, ठरल्यापेक्षा लहान. उद्योगांना सभासदत्व देण्याचं पुढच्या बैठकीवर गेलंय, मी सोडणार नाही.

वेळ वाढवायला होकार मिळाला, माणूस द्यायला मिळाला नाही. आहे त्याच दोघांनी नऊपर्यंत बसायचं, असं ठरवू बघत होते. मी विरोध केला. डेटस्लिप मॅडम, तुम्ही तीन वर्षं अर्ज केलेत, त्यात काय काय लिहिलं होतं ते मला सांगाल का?

डेटस्लिप
सर, मसुदा पाठवते. त्यात तासागणिक किती मुलं बसलेली होती याचे तक्ते आहेत, दोन सेमिस्टरचे. तुम्ही आजपासूनच मोजायला सुरुवात करा. दर तासाला एक फेरी, नुसती डोकी मोजायची, पाच मिनिटांचं काम. बंद करताना किती जणांना उठवावं लागलं तो आकडा वेगळा लिहा. आमच्याकडं त्याच आकड्यानं काम झालं.

सँडकास्टिंग
फायनल इयर, शनिवारी सकाळी नऊला ये. चौघं या. पायात बूट घाला, चप्पल चालणार न्हाई, कोल्हापुरी असली तरी. आणि त्या २०१६ च्या रिपोर्टच्या शेवटच्या प्रकरणाची झेरॉक्स आणाल का? मलाबी वाचायचंय.

फायनल इयर मेक
आणतो दादा. रिपोर्ट बाहेर नेता येत नाही, सरांना विचारून तेवढी पानं काढून घेतो.